पडद्यावर राहिलेलं नाव

रवि., २ ऑगस्ट २००९

फेब्रुवारीनंतर थेट आज. वहीची माफी मागतो. वहीला त्याचं काही नाही, मला आहे. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. घडलं, पण संध्याकाळी उद्यमनगरातून घरी आलो की जेवण, बातम्या, झोप. पंचेचाळिशी म्हणजे एवढंच असेल तर...

नवं काम आलंय. कबनूरला ऑटोलूमची एक शेड आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, वरचा दिवा लागतो. कामगार येऊन धागा सांधतो आणि माग चालू करतो. अण्णांना हे केबिनमध्ये बसून दिसायला हवंय. तारा आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं विलास बघणार, पडदा माझ्याकडे. तंत्रनिकेतनातलं शिकवणं सोडून मी विलासच्या जोडीला आलो तेव्हापासून वाटणी अशीच आहे. तो माणसांशी बोलतो, मी यंत्रांशी.

ब्राउझरमध्येच करायचं ठरवलंय. जावास्क्रिप्ट जेमतेम येते. शिकेन.


बुध., ५ ऑगस्ट

नेटवर एक छोटी लायब्ररी, म्हणजे आयता वापरता येणारा कोड, सापडली. इव्हेंट एमिटर. सगळी मिळून दोन पानांची; कुणा परदेशी मुलाने लिहून फुकट ठेवलीय. वाचून होईतो चहा गार झाला. इतकं साधं आणि इतकं नेटकं काही बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

सुनंदाला सांगायला बसलो. ती हॉस्पिटलची रात्रपाळी करून आलेली, डोळे अर्धे मिटलेले. म्हटलं, "आपल्या गल्लीत पाणी आलं की शेवंताकाकू ओरडतात ना, तसं. त्या फक्त ओरडतात. कोण ऐकतंय, कोण हंडा घेऊन येतंय, कोण कूस बदलून झोपतंय, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. ज्याला पाणी हवं त्याने आपला कान लावून ठेवायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे माग फक्त सांगणार, मी थांबलो. पडदा ते ऐकून चौकोन लाल करणार, घंटा ऐकून वाजणार, नोंद ठेवणारा नोंद करणार. उद्या आणखी कुणाला ऐकायचं असेल तर आणखी एक कान जोडायचा. मागाला हात लावायला नको."

"आणि ऐकायचं नसेल तर?"

"कान काढून घ्यायचा. त्याचीही सोय आहे."

"कोण काढतं?"

"ज्याने लावला तो."

"आमच्या वॉर्डात घंटा वाजली की पळणारी एकटी मीच," म्हणाली आणि झोपली.

दुपारी वि.ला पण हेच ऐकवलं. सांगणाऱ्याने सांगावं, पुढे काय होतं ती त्याची जबाबदारी नाही, यातच सगळं सौंदर्य आहे म्हणालो. वि. म्हणाला, "मास्तर, सौंदर्य ऱ्हाऊ दे, गणपतीआधी बसवून दे."


मंगळ., ११ ऑगस्ट

कबनूर. पडदा बसला. शेडमध्ये आत गेलं की बोलणं संपतं, नुसते ओठ हलताना दिसतात. केबिनची काच लावली की मग माणसाचा आवाज येतो.

शेडच्या दाराशी कीपॅड लावलाय. कामगाराने आल्यावर आपला नंबर दाबायचा, म्हणजे त्याच्या वाट्याच्या मागांना त्याचा कान लागेल. जाताना लाल बटण दाबायचं, पाळी संपली, कान निघेल. सगळ्यांना जमवून समजावलं. जॉबर इस्माईलभाईंनी (माग दुरुस्त करणं, जुळवणं त्यांच्याकडे) माझं बोलणं त्यांच्या भाषेत पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

एक जण मागे उभा होता, हडकुळा, माझ्याच वयाचा. आनंदा. "पावणं, ह्ये आमच्यावर डोळा ठेवाय आणलंय व्हय?"

म्हटलं, "नाही हो. मागावर आहे, तुमच्यावर नाही."

"माग तर रोज बघतोय आमी," म्हणाला, आणि हसला. सगळेच हसले. मीही.

परत येताना एसटीत विचार करत होतो, मी खोटं बोललो का? त्या घटकेला तरी नाही. नंबर दाबायला लावतोय म्हणजे माणसाचं नाव येणारच हे मला ठाऊक होतं. पण ते नाव पडद्यावर कुठे दिसत नाही, फक्त नोंदीत जातं. असं स्वतःला सांगितलं.


बुध., १९ ऑगस्ट

चालतंय. अण्णा खूष. वीज गेली तरी पडदा विझू नये म्हणून त्या कॉम्प्युटरला वेगळा इन्व्हर्टर घातलाय. "सर, टीव्हीपेक्षा ह्येच बघतोय मी!"

एक किरकिर. लायब्ररी मधूनमधून एक इशारा लिहीत राहते, ऐकणारे फार झालेत, तपासा. वाटलं, एवढे माग, एवढे चौकोन, घंटा, नोंदी, तर ऐकणारे जास्त असणारच. लायब्ररीवाल्याने छोट्या कामाच्या हिशोबाने मर्यादा ठेवलेली दिसते. इशारा बंद करण्याची सोय आहे. केला बंद.


शुक्र., ४ सप्टेंबर

गणपती काल गेले. ढोल अजून कानात आहेत.

अण्णांचा फोन होता : प्रत्येक कामगाराच्या नावावर माग किती वेळा थांबला ते पडद्यावरच दाखवा. वि.ने विचारायच्या आधीच हो म्हणून टाकलं होतं. काम अर्ध्या दिवसाचं, नोंद होतीच, समोर आणायची. केलं.

करताना हात थोडा अडखळला हे लिहून ठेवतो. आनंदाला म्हणालो होतो, तुमच्यावर नाही. वि.ला बोललो. तो म्हणाला, "त्यात काय वाईट? चांगलं काम करणाऱ्याचं नाव तरी होईल." हे पटलं. खरंच पटलं, की पटवून घेतलं?


शनि., १२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी अण्णांच्या केबिनमध्ये होतो, घंटेचा आवाज बारीक करायचा होता. पाळी बदलली. आनंदाला अण्णांनी आत बोलावलं. तो डब्याची पिशवी घेऊन घरी निघालेलाच होता, तसाच आला. केसांत कापसाची भुकणी.

अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. सगळ्यात जास्त आकडा आनंदाचा. दुसऱ्या नंबरपेक्षा कितीतरी वर.

"ह्ये काय गा आनंदा?"

"अण्णा, माझं न्हाय ते."

"तुजं नाव हाय की! मी म्हणत न्हाय, कॉम्प्युटर म्हणतोय."

"एवढं माग थांबलं असतं तर कापड कुठनं निघालं असतं?"

"निघालंय रं. आनखी निघालं असतं की. मी काय आंधळा हाय व्हय?"

"गणपतीत समदी गावाला गेली, मी एकटा पाळीवर पाळी केली. सुट्टी घितली न्हाय. तुमीच म्हणलासा, आनंदा हाय म्हणून शेड चालली."

"तवा पडद्यावर नावं नव्हती."

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. एकदा माझ्याकडे बघितलं. मागण्यासाठी नाही, नुसतंच, खोलीत आणखी कोण आहे ते बघावं तसं.

आणि मी पडद्याकडे बघत होतो. आनंदा माझ्यासमोर उभा. त्याच्या मागांवर दुसरा माणूस. काचेपलीकडे त्यातला एक माग थांबला, दिवा लागला. आणि आनंदाच्या नावापुढचा आकडा वाढला. एकाने नाही. एकदम बऱ्याच आकड्यांनी उडी मारली.

अण्णा आनंदाकडे बघत होते. आनंदा जमिनीकडे. पाहिलं फक्त मी.

मी बोललो नाही. मनात म्हटलं, आधी खात्री करावी, कारण कळल्याशिवाय तोंड उघडू नये. हे शास्त्रशुद्ध आहे. वर्गात पोरांना हेच शिकवायचो. पण कारण कळायला नको होतं. जो माणूस इथे उभा आहे त्याच्या नावावर तिथला माग थांबतोय, एवढं सांगायला खात्री कशाची हवी होती?

"दिवाळीपातूर घरीच बस. मग बघू," अण्णा म्हणाले.

आनंदा पिशवी घेऊन गेला. दार हळू लावून गेला.


रवि., १३ सप्टेंबर

ऑफिस उघडून एकटाच बसलो. सापडलं. फार शोधावं लागलं नाही.

लाल बटण दाबलं तरच कान निघतो. बटण कुणी दाबतच नाही. म्हणजे माणूस घरी जातो, त्याचा कान मागालाच राहतो. दुसऱ्या दिवशी येऊन तो पुन्हा नंबर दाबतो, आणखी एक कान. माग एकदा थांबला की ते सगळे कान ऐकतात आणि प्रत्येक जण एकेक मोजतो. ब्राउझरमधलं पान मिटलं असतं तर सगळे गळून पडले असते. पण इन्व्हर्टरमुळे पान मिटतच नाही.

म्हणजे जो जितक्या पाळ्या भरेल त्याचा आकडा तितका फुगणार. जो गणपतीत गावाला गेला तो बरा दिसणार. ज्याने एकही खाडा केला नाही, तो सगळ्यात वाईट.

इथे टेबलावर तपासताना प्रत्येक वेळी मी बटण दाबत होतो. अर्थात. मला ठाऊक होतं ना.

आणि तो इशारा. ऐकणारे फार झालेत, तपासा. त्या परदेशी मुलाने, मला न ओळखता, नेमकं हेच सांगितलं होतं. आणि मी त्याचं तोंड बंद केलं.


सोम., १४ सप्टेंबर

वि.ला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मित्र म्हणून तो चांगला आहे, हे आधी लिहितो.

"दुरुस्त किती वेळात होईल?"

"दोन दिवस."

"मग कर आणि सुधारित आवृत्ती म्हणून बसवून ये. चूक हा शब्द कशाला काढायचा?"

"एका माणसाचं काम गेलंय."

"ते अण्णांनी घालवलं. आपण आकडा दिला. आकड्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. तूच म्हणालेलास न्हवं, सांगणाऱ्याने सांगावं, पुढची जबाबदारी त्याची न्हाई? सौंदर्य म्हणालेलास."

म्हणालो होतो. याच खोलीत, हात उडवत.

"जयसिंगपूरच्या दोन शेडांची बोलणी चालू आहेत," वि. म्हणाला. "अण्णा त्या मालकाचे साडू. तू कबनूरला जाऊन छाती बडवलीस तर ती गेली. आपल्या ऑफिसातल्या दोन पोरांना घरी बसा म्हणून सांगायचं तूच बघ मग."

हेही खरं आहे. म्हणूनच त्रास होतो. वि. लबाडी करायला सांगत असता तर सोपं होतं.


गुरु., १७ सप्टेंबर

कबनूर. दुरुस्ती बसवली. आता नवा नंबर दाबला की त्या मागांवरचा जुना कान आपोआप निघतो. बटणावर काहीच अवलंबून नाही. काढताना लायब्ररीला जो कान लावला होता नेमका तोच द्यावा लागतो, तसाच दिसणारा दुसरा चालत नाही; त्यात एक अख्खी दुपार गेली होती. जुने आकडे पुसून शून्यावर आणले.

पाळी बदलताना मुद्दाम शेडमध्ये उभा राहिलो. हे मी ऑगस्टमध्येच करायला हवं होतं. नवा माणूस येतो, जुन्याच्या शेजारी उभा राहतो, मागांमधून एक फेरी मारतो, कापडावरून हात फिरवतो, मान हलवतो. जुना तसाच निघतो. माग एकदाही थांबत नाहीत. चालते माग हातात द्यायचे; थांबलेला माग देऊन जाणं म्हणजे कमीपणा. सगळ्यांनी चिडवायचं.

बाहेर आल्यावर इस्माईलभाईंना विचारलं, बटण का दाबत नाहीत?

ते हसायलाच लागले. "सर, ते लाल हाय की! मागावरचं लाल बटन दाबलं की माग बंद हुतोय. जाता जाता कोण दाबंल? एकानं पयल्या दिवशी दाबाय हात घातला हुता, बाकीच्यांनी वरडून त्याला पळवला."

"मी सांगितलं होतं की हे वेगळं आहे."

"तुमी सांगितलंसा. मी बी सांगितलं. हात ऐकतोय व्हय?"

लाल बटण मीच निवडलं होतं. बाजारात हिरव्या बटणाचाही कीपॅड होता.

अण्णा बाहेर गेले होते. केबिनमध्ये त्यांची मुलगी बसली होती, तिला सांगून आलो, "थोड्या सुधारणा केल्यात, आकडे नव्याने सुरू होतील." सुधारणा. हाच शब्द तोंडातून गेला. वि.चा शब्द.


सोम., २१ सप्टेंबर

चार दिवस काही लिहिलं नाही. रोज सकाळी ठरवतो, आज अण्णांना फोन करायचा. दहा वाजता वाटतं ते शेडमध्ये असतील. दुपारी, जेवत असतील. संध्याकाळी वाटतं फोनवर बोलण्याची ही गोष्ट नव्हे.

सु.ला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती धीर देईल. तिने विचारलं, "तो तुझ्याकडे बघत होता तेव्हा तू कुठे बघत होतास?"

"पडद्याकडे."

"मग त्याला काय वाटलं असेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉम्प्युटर बनवणारा माणूस खोलीत बसलाय, आपण 'माझं न्हाय ते' म्हणतोय, आणि तो पडद्याकडे बघून गप्प. म्हणजे पडदा खरा.

"माझं चुकलं तर एखादा पेशंट जाईल म्हणून आम्ही लगेच ओरडतो," सु. म्हणाली. "लाज नंतर."


रवि., २७ सप्टेंबर

खंडेनवमी. अण्णांनी बोलावलं होतं. आमच्या घरी ही पूजा नसते, पण कामाच्या ठिकाणी बोलावणं आलं तर जातो. वि. आला नाही, त्याच्या घरी लेथची पूजा होती.

माग पुसून लखलखीत केलेले. झेंडूच्या माळा, हळदकुंकू. सगळे माग बंद. त्या शेडमध्ये पहिल्यांदा माणसांचे आवाज ऐकले, अगदी चपलांचेसुद्धा. काहीजण सवयीने तरीही ओरडूनच बोलत होते.

केबिनमध्ये पडदा पूर्ण लाल. अण्णा नारळ हातात घेऊन उभे, हसत म्हणाले, "सर, आज समदी लाल! आज कुणाच्या नावावर टाकतासा?"

आता किंवा कधीच नाही, असं वाटलं. ठरवलेलं वाक्य आलंच नाही. म्हटलं, "आज फक्त शेवटच्या पाळीच्या नावावर. पण पंधरवड्यापूर्वी असतं तर सगळ्यांच्या नावावर पडलं असतं. घरी असलेल्यांच्यासुद्धा."

"म्हंजे?"

सांगितलं. कान, पाळ्या, लाल बटण, इशारा बंद केला तोही. बहुतेक फार लांबलं.  इस्माईलभाई दारात येऊन थांबले होते, तेही ऐकत होते.

"म्हंजे आनंदा..."

"हो. त्याने खाडे केले नाहीत म्हणून त्याचा आकडा मोठा."

अण्णांनी नारळ टेबलावर ठेवला. तो घरंगळू लागला, मी धरला.

"त्या दिवशी तुमी हितंच बसला हुतासा की."

"हो."

"तवा ठावं हुतं?"

"आकडा वाढताना पाहिला. कारण माहीत नव्हतं."

"पर बघितलासा."

"हो."

मला वाटलं ओरडतील. त्यांचा आवाज मोठा आहे. पण ते काचेकडे वळले, बंद मागांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी बी त्याला दहा-बारा वर्सं बघितलंय. तुमचा पडदा महिन्याचा. आन् मी पडद्याचं ऐकलं." नारळ माझ्या हातातून घेतला. "चला, फोडायचा हाय. मग बोलू."

नंतर बोलणं झालं नाही. गर्दी होती. प्रसाद घेऊन निघालो.


सोम., २८ सप्टेंबर

सकाळी विहारात. भंतेजी सम्यक वाचेवर बोलले. मला वाटलं माझ्याकडेच बघून. (ते सगळ्यांकडेच बघत होते.)

दुपारी वि.चा फोन. अण्णांनी त्याला झापलंय. जयसिंगपूरचं काय, विचारलं. "काय म्हाईत. साडू बोलतील तेव्हा कळंल." मग, "मला सांगून तरी जायचंस ल्येका."  तो बरोबर होता.


बुध., ३० सप्टेंबर

अण्णांचा फोन. आवाज नेहमीसारखा, घासलेला. पडदा राहू दे म्हणाले, नावं काढा. फक्त माग दाखवा. लगेच करतो म्हटलं.

"आनंदाचं?"

"कळवलंय की. इस्माईलला सांगितलंय, आकडं चुकल्यालं, ये म्हणावं. त्याचं माग दुसऱ्याला दिल्यात, पर शेडच्या हिकडच्या बाजूला घितो. शेडमध्ये बी समद्यांना सांगून टाकलंय. जयसिंगपूरच्या साडूला बी. आता आणि कुणाला सांगू, पेपरात देऊ व्हय?"

हसलो. हलकं वाटलं. जेवताना सु. म्हणाली आज चेहरा बरा आहे. रात्री नावं काढून टाकली. काम सोपं, एक कान काढायचा एवढंच.


शुक्र., २ ऑक्टोबर

सुट्टी. सकाळीच इस्माईलभाईंना फोन केला. सहज. आनंदा कधीपासून येतोय?

"येत न्हाय म्हणतोय सर."

"रागावलाय?"

"राग कुठला? राग असता तर बरं झालं असतं. हिथं खोली सोडून कुरुंदवाडला भनीकडं गेलाय. भावजीच्या पिठाच्या गिरणीत बसतोय. मी फोन केलता, शेजारच्या दुकानात. म्हटलं, आकडं चुकल्यालं, अण्णा बलीवत्यात. तर म्हणतोय, इस्माईलभाई, तुमी चांगलं मानूस, मला बरं वाटावं म्हणून सांगतायसा."

"मग?"

"मग काय. म्हणतोय, माझाच हात जड झालाय. धागा तुटल्याला आधी दिसायचा, आता दिवा लागल्यावर कळतंय. कॉम्प्युटरला माझ्याशी काय दुश्मनी हाय?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, माझी चूक होती म्हणून?"

"सांगितलं की. तर म्हणला, ते सर तिथंच हुते. ते कायबी बोल्ले न्हाईत."

फोन ठेवला. गॅलरीत गेलो. खाली शेवंताकाकू कुणाशी तरी पाण्यावरून भांडत होत्या.

अण्णांना कळलं, शेडला कळलं, वि.ला, साडूला, सु.ला. चूक झाली हे सगळ्यांना पोचलं. ज्याच्यासाठी होतं त्याला निरोप गेला, पण तो आता ऐकायच्या जागी राहिलेला नाही. ते मी निरोपावर सोडलं. सांगणाऱ्याने सांगावं आणि मोकळं व्हावं. पुन्हा तेच केलं.

आणि समजा त्याचा हात खरंच जड झाला असेल तर? त्या आकड्यांतले खरे किती हे मला आता कधीच काढता येणार नाही, मीच पुसले. तेव्हा वाटलं स्वच्छ केलं. "तुमचा हात जड झालेला नाही" असं मी त्याला छातीठोक सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकतो की पडद्याला ते माहीत नव्हतं. आणि मला त्याच वेळी दिसलं होतं.

एवढ्याने तो परत येईल? माहीत नाही. यावं का, तेही माहीत नाही. कदाचित गिरणी बरी असेल. पण ज्या कारणाने तो तिथे बसलाय ते कारण खोटं आहे. त्याने काय करायचं ते त्याने खऱ्यावर ठरवावं.

सु. म्हणाली, दुरुस्तीनंतर मागांचे आकडे किती कमी येतात त्याचा कागद काढून ने, विश्वास बसेल. आधी तसंच ठरवलं होतं. प्रिंट काढूनही झाली. मग पिशवीतून काढून ठेवली. त्याला पुन्हा माझाच एक आकडा दाखवायचा?

काय बोलायचं ते जुळवतोय. 'आनंदा, त्या दिवशी तुम्ही समोर उभे होता तेव्हा मी' इथपर्यंत येतं. पुढचं तिथेच सुचेल.

उद्या : सकाळच्या एसटीने कुरुंदवाड, आनंदाला समोर बसून सांगणे.